तिथीनं पाळलेला गायक

"जगात एवढे गायक गेले, पण तिथीनं पाळला जातो तो हा एकटाच, आणि तोही आमच्याच घरी," असं वडील दरवर्षी म्हणायचे. आईनं भरताची वांगी चुलीत सरकवली की त्यांना हे वाक्य सुचायचंच. आई ऐकून न ऐकल्यासारखं करायची. त्या दिवशी कुणी हसलेलं तिला चालत नसे, आणि वडिलांना हसल्याशिवाय राहवत नसे.

गायकाचं नाव इथं लिहीत नाही, कारण आमच्या घरात ते कधी घेतलंच गेलं नाही. आई जसं वडिलांचं नाव घेत नसे, तसंच त्याचंही घेत नसे. 'तो' म्हणायची. मग आम्हीही 'तो'च म्हणायला लागलो. "त्याचं लागलंय," अशी हाक आली की हातातलं काम टाकून रेडिओ मोठा करायचा, एवढं आम्हा दोघा भावंडांना कळत होतं. वडील मुद्दाम "तुझा तो" म्हणायचे आणि आई परातीतली भाकरी जरा जास्तच जोरात थापायची.

आमचा मळा नाशिकला मखमलाबादच्या बाजूला. शेवंती, झेंडू, निशिगंध, आणि कडेकडेनं मेथी-कोथिंबीर. पहिली तोड सकाळीच पंचवटीच्या फूलबाजारात गेली पाहिजे, नाहीतर मालाला कुणी विचारत नाही. एकदा माल गेला की निंदणीला बसायचं, आणि तेव्हा रेडिओ शेवग्याच्या फांदीला टांगलेला असायचा. मी गाणी शिकले ती अशी, गवत उपटता उपटता. आजही एखादं जुनं गाणं लागलं की माझी बोटं उगाच काहीतरी उपटायला बघतात.

मामा आमच्याकडेच राहायचा. आईचे आईवडील एकापाठोपाठ गेले तेव्हा धाकट्या भावाला ती आपल्याबरोबर घेऊन आली होती. तोडणीला तो यायचा, पाणी धरायचा, आणि लग्नसराईत, गणपतीत, जत्रांमध्ये ऑर्केस्ट्रात गायचा. गायचा म्हणजे फक्त त्या एकाच गायकाची गाणी. ऑर्केस्ट्राच्या बोर्डावर मामाचं नाव नसायचं. 'आवाज' असं लिहून पुढे मोठ्या अक्षरांत मूळ गायकाचं नाव असायचं. वणीच्या जत्रेत, लासलगावच्या गणपतीत आमचा मामा चकचकीत शर्ट घालून उभा राहायचा तो दुसऱ्याच्या नावानं, आणि लोक त्या दुसऱ्याच्याच नावानं शिट्ट्या मारायचे. मामाला याचं काही वाटत नसे. वाटायचं ते आईला.

तो दिवस मला आठवतो तो भांडणापासून. मी प्राथमिक शाळेत होते. कार्यक्रम करून मामा पहाटे आला आणि तोडणीला न येता झोपून राहिला. शेवंती तशीच राहिली, व्यापारी दुसरीकडे गेला. आईचा पारा चढला. मामा उठून चहा घेत होता, तर ती त्याच्यासमोर उभी राहून म्हणाली, "दुसऱ्याचा आवाज काढून किती दिस जगशील रे? उद्या तो मेला तर तुझ्याजवळ तुझं सोताचं काय हाय?"

मामानं चहा संपवला. कप विसळून पालथा घातला. ती चकचकीत शर्टाची पिशवी उचलली आणि बांधावरून रस्त्याकडे गेला. त्यात नवीन काही नव्हतं. तो असा रुसून जायचा आणि संध्याकाळी भुकेला होऊन परत यायचा.

संध्याकाळी रेडिओवर बातमी आली. तो गायक गेला होता.

आईच्या हातात पातेलं होतं. ते तिनं खाली ठेवलं आणि पहिलं वाक्य बोलली, "आता येईल तो." म्हणजे मामा. एवढी मोठी बातमी ऐकून तो रडत घरीच येणार, दुसरीकडे कुठे जाणार, असं तिला वाटलं. तिनं त्याला आवडतं म्हणून भरीत केलं आणि दार उघडं ठेवून बसली. मामा आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वडील मालेगावला जाऊन आले, धुळ्याला जाऊन आले, ज्या ज्या ऑर्केस्ट्रात तो गायला होता त्या सगळ्यांना विचारून आले. कुणालाच काही माहीत नव्हतं.

तेव्हापासून आईनं मनाशी धरलं की हे आपल्या जिभेनं झालं. सकाळी आपण 'उद्या मेला तर' म्हणालो आणि संध्याकाळी तो गेला. एक माणूस आपल्या बोलण्यानं मेला आणि एक परागंदा झाला. वडील समजावून थकले की बाई, तो तिकडे मुंबईत दवाखान्यात होता, तुझं बोलणं पंचवटीच्या पलीकडंसुद्धा गेलं नाही. पण आईला तिचा भाऊ परत हवा होता, आणि तो आला की त्याच्यासमोर ते वाक्य मागं घ्यायचं होतं. बाकी काही नको होतं. आमचं पुढचं सगळं बालपण या एका गोष्टीच्या सावलीत गेलं.

आता गेलेल्या माणसाचं पान वाढता येतं. घास बाहेर ठेवता येतो, कावळा शिवला की समाधान मानता येतं. पण जो बेपत्ता आहे आणि जिवंत असावा अशी आशा आहे, त्याच्या नावानं घास टाकायचा म्हणजे त्याला आपल्या हातानं मारायचं. तेव्हा आईनं मार्ग काढला. मामा गेला त्याच दिवशी तो गायक गेला, तर पान त्या गायकाचं वाढायचं. पुढच्या वर्षी तीच तिथी आली तेव्हा तिनं भरीत केलं, बाजरीची भाकरी केली, वर लोण्याचा गोळा ठेवला आणि घास कौलांवर ठेवला.

"बंगल्यात राहणाऱ्या माणसाला वांग्याचं भरीत आवडतं हे तुला कुणी सांगितलं?" वडिलांनी विचारलं.

आई म्हणाली, "आवडत आसंल."

वडिलांनी पुन्हा तो प्रश्न विचारला नाही. तिथीनं पाळला जाणारा गायक, एवढंच म्हणायचे.

त्या दिवशी रेडिओ सकाळपासून चालू ठेवायचा. आईचा हिशेब साधा होता. या दिवशी देशभरातले ऑर्केस्ट्रावाले त्याची गाणी गाणार. मामा जिथं कुठं असेल तिथं आज स्टेजवर उभा असणार. म्हणून ती वडिलांना सायकलवर शहरात पाठवायची, "नाट्यगृहावर बोर्ड लागलाय का बघून या. शालिमार चौकात पोस्टरं बघा." वडील बिचारे जायचे आणि संध्याकाळी परत यायचे. "आज काय नाय." आई म्हणायची, "एवढा मोठा माणूस अन् लोक इसरून गेले." रेडिओवरही त्याची दोन-चार गाणी लागायची ती नेहमीसारखीच. आई रागावायची, रेडिओवाल्यांना कृतघ्न म्हणायची. अशी काही वर्षं गेली.

चूक माझ्या लक्षात आली ती मी आठवीत असताना. आईनं त्याची तिथी पाळून पंधरवडा उलटला होता. शाळेत जायच्या आधी वेणी घालत होते तर रेडिओवर निवेदक म्हणाला की आजच्याच दिवशी हा गायक आपल्यातून गेला, आणि आज दिवसभर त्याचीच गाणी. आधीच्या वर्षांतही लागली असतील, पण निंदताना निवेदकाचं बोलणं कुणी ऐकत नसे. मी अर्धी वेणी तशीच सोडून मळ्यात पळाले. आई निशिगंधाला पाणी देत होती.

"आई, आज त्याचा दिवस आहे!"

"झाला की मागंच. येडी का तू?"

"अगं रेडिओवर सांगू राहिले."

"ते लोक दिल्लीचे. त्यांना काय कळतं?"

मी तिला समजावलं. आमच्या घरात सगळं तिथीनं चालायचं. आजोबांचं श्राद्ध तिथीनं, वाढदिवस तिथीनं. मला माझ्या जन्माची तारीख कळली ती शाळेत नाव घालताना. एखादा माणूस तारखेनं मरतो आणि लोक त्याला तारखेनं आठवतात, हे आईच्या डोक्यातच आलं नव्हतं. मृत्यू म्हणजे तिथी. त्यात तिला चूक अशी दिसायची शक्यताच नव्हती. आणि तिथी तर दरवर्षी जागा बदलते. कधी दहा-अकरा दिवस आधी येते, अधिक महिना झाला की पुन्हा पुढं सरकते.

आईनं फावडं खाली ठेवलं.

"म्हणजे लोक तारखेनं पाळत्यात?"

"हो."

"ऑर्केस्ट्रावाले पण?"

"सगळेच."

पाणी दुसऱ्या वाफ्यात फुटून चाललं होतं, तरी ती बांधावर बसली. मग म्हणाली, "म्हंजी तो गाऊ राहिला तवा आपण झोपलेलो होतो. अन् आपण धुंडू राहिलो तवा कुणीच गात नव्हतं."

मला तिची कीव आली आणि रागही आला. राग कुणाचा ते तेव्हा कळलं नाही. पाणी मीच वळवलं. शाळा बुडाली.

त्या वर्षापासून आमच्याकडे दोन दिवस झाले. तिथीला भरीत आणि घास, आणि तारखेला शोध. वडील म्हणायचे, "त्याच्या घरचे पण दोनदा करत नसतील."

तारखेचं काम आईनं डोकं लावून केलं. श्रद्धांजलीचा कार्यक्रम म्हटला की स्टेजवर फोटो आला, आणि फोटो म्हटला की हार आला. शहरात कुठं कार्यक्रम आहे याची बातमी फूलबाजारात आधी लागते, कारण हाराची ऑर्डर तिथंच येते. आईनं बाजारातल्या हारवाल्या बायकांना सांगून ठेवलं, या दिवसाच्या हाराची ऑर्डर आली की मला सांगायचं, हार मी करीन आणि मीच नेऊन देईन. हार देणाऱ्या बाईला स्टेजच्या मागं जाता येतं. तिकीट काढून पुढं बसणाऱ्याला मागचे लोक दिसत नाहीत. ही युक्ती तिची, आणि तिच्याबरोबर टोपली धरून जायची शिक्षा माझी.

कॉलेजात जाणाऱ्या मुलीला आईबरोबर ओला हार घेऊन ग्रीनरूममध्ये शिरायला किती लाज वाटते, ते ज्याला माहीत आहे त्यालाच माहीत. आत मफलर गुंडाळलेले पुरुष कोमट पाण्याच्या गुळण्या करत असायचे. कुणी केस त्या गायकासारखे वळवलेले, कुणी त्याच्यासारखाच चष्मा लावलेला. आई एकेकाच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मग विचारायची, "तुमच्यात नाशिकचा कुणी हाय का हो?" बहुतेक जण मान हलवायचे. एक जण म्हणाला, "मावशी, नाशिकचा मीच," आणि आईचा चेहरा क्षणभर असा उजळला की तो माणूस ओशाळून गेला. मी तिला दंडाला धरून बाहेर आणलं. बाहेरून गाणी ऐकू येत होती. आई भिंतीला टेकून सगळी ऐकायची, शेवटपर्यंत. मामाची सगळी गाणी एकेक करून दुसऱ्यांच्या तोंडून यायची. मला तेव्हा मामा हवा होता. मामा म्हणून नाही, हे सगळं थांबावं म्हणून हवा होता.

नवं शतक लागून काही वर्षं झाली होती. मी बँकेत चिकटले होते, घरी फोन बसला होता. अशाच एका तारखेला ग्रीनरूममध्ये इंदूरकडून आलेला एक ढोलकवाला भेटला. आईनं नेहमीचा प्रश्न विचारला. तो म्हणाला, "नाशिकचा एक आहे आमच्याकडे. गात नाही पण. साउंडचं काम करतो. स्पीकर, मिक्सर भाड्यानं देतो." आईनं विचारलं, उजव्या भुवईवर व्रण आहे का. ढोलकवाला म्हणाला, आहे. पुढचं मला फारसं आठवत नाही, कारण आईला सावरण्यात माझा वेळ गेला. टोपली तिथंच राहिली.

मामा आला. फोन झाला, रडणं झालं, आणि पंधरा दिवसांत तो एकटाच आला. पोट सुटलेलं, कपाळ मागं गेलेलं, हातात इंदूरची शेव. तिकडं बायको होती, मुलगी होती, घर होतं. आई त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. वडील दारात उभे राहून "या मेव्हणे, चहा गार झाला ना," एवढंच म्हणाले आणि गोठ्यात जाऊन बराच वेळ आले नाहीत.

आईनं भरीत केलं होतं. मामानं ताट बघितलं आणि म्हणाला, "ताई, वांगं बंद केलंय मी. ॲसिडिटी होते." आईनं ते ताट उचललं आणि वरण-भात वाढून आणला. आम्ही कुणी एकमेकांकडे बघितलं नाही.

जेवण झाल्यावर ओसरीत बसलो तेव्हा ती त्याच्यासमोर येऊन बसली. इतक्या वर्षांत ते वाक्य तिनं आमच्यासमोर कधी पुन्हा उच्चारलं नव्हतं. आता पहिल्यांदाच, शब्द न् शब्द, तिनं ते म्हणून दाखवलं. दुसऱ्याचा आवाज काढून किती दिवस जगशील, उद्या तो मेला तर तुझ्याजवळ तुझं स्वतःचं काय आहे. मग म्हणाली, "ते मी मागं घेते रे. अन् त्याच दिशी तो गेला."

मामा आठवायचा प्रयत्न करत होता हे दिसत होतं.

"त्याच दिशी गेला का तो?" तो म्हणाला. "मला कुठं ठाऊक. द्राक्षाचा ट्रक चालला होता, त्यात बसलो, पार तिकडं गेलो. बातमी लय दिवसांनी कळली." आणि मग म्हणाला, "तू काय बोलली ते नाय बा आठवत, ताई. तू तर रोजच काय ना काय बोलायची." आणि हसला.

"मग आला का नाय?" आईनं विचारलं.

"आज जाऊ, उद्या जाऊ. तसंच राहून गेलं."

वडीलही हसले. मला वाटलं उठून मामाला धरून हलवावं. ज्या वाक्यासाठी माझी आई इतकी वर्षं स्वतःला खात बसली होती, ते त्याच्या गावीही नव्हतं. तो माफ तरी काय करणार? न आठवणाऱ्या गोष्टीची माफी कशी मिळते? आई हसली नाही, रडलीही नाही. आत जाऊन तिनं भांडी घासायला घेतली, आणि मी मदतीला गेले तर म्हणाली, "राहू दे, थोडीच हायत."

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याची गाडी होती. आई, मामा आणि मी शहरातल्या द्वारका नावाच्या चौकात उभे होतो. इंदूरकडे जाणाऱ्या गाड्या तिथं थांबतात. ट्रकांचा धूर, रिक्षावाल्यांची ओढाओढ. गाडीला उशीर होता. आई अचानक म्हणाली, "एक म्हण ना त्याचं."

"इथं?"

"इथंच."

मामा कसनुसा हसला. "सोडलं ताई मी ते. आता सगळं मशिनवर. त्याची गाणी ऐकतो कोण?" पण तिच्या तोंडाकडे बघून त्यानं घसा खाकरला आणि सुरू केलं. मळ्यातल्या टाकीवर बसून तो जे नेहमी म्हणायचा तेच. आवाज जाड झाला होता, पण कुठंतरी जुना मामा होता त्यात. पहिलं कडवं झालं. दुसऱ्याला तो अडला. पुन्हा मागून आला, पुन्हा तिथंच अडला. "नाय येत," म्हणाला.

आणि आईनं पुढची ओळ म्हटली.

शब्द सांगावेत तशी नाही. गाऊन म्हटली. माझी आई गाते हे मला माहीत नव्हतं. तिनं कधी अंगाई म्हटलेली मला आठवत नाही, आरतीतसुद्धा ती नुसत्या टाळ्या वाजवायची. आवाज खरखरीत होता, वरच्या जागेला तो फाटला, पण तिनं तो सोडला नाही. दुसरं कडवं म्हटलं, मग तिसरं. मामा तिच्याकडे बघत राहिला. शेजारी उभी असलेली केळीवाली हात थांबवून ऐकत होती. तो आवाज त्या गायकाचा नव्हता आणि मामाचाही नव्हता. कुणाची नक्कल त्यात नव्हती. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मी ते पुसलं नाही.

गाणं संपलं तेव्हा मामा म्हणाला, "ताई, तू गायची?"

"मी कुठं रे. ऐकून ऐकून तोंडपाठ झालं."

गाडी आली. मामानं तिच्या पायांना हात लावला आणि चढला. येताना रिक्षात आई मागं वळून रस्त्याकडे बघत होती. मी म्हणाले, "येईल गं दिवाळीला."

"हा येईल," आई म्हणाली.

'हा' म्हणताना तिनं जोर दिला. तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं होतं. बांधावरून पिशवी घेऊन गेलेला तो पोरगा आता यायचा नव्हता, आणि त्याची वाट बघणंही आता संपलं होतं.

मामा दिवाळीला येत राहिला, शेव आणत राहिला. आईनं पुन्हा गायलं नाही. मी एक-दोनदा म्हणून पाहिलं, तर "गप गं, कायतरीच तुझं," म्हणून तिनं उडवून लावलं. आता तीही नाही. तिची तिथी मी पाळते, तारीख माझा भाऊ पाळतो, कुणी चुकत नाही. पण द्वारकेला ती गायली तो दिवस कोणता होता, ते मी तेव्हा बघितलंच नाही. वार आठवत नाही, महिनासुद्धा नक्की सांगता येत नाही. त्या गायकाची गाणी मला कधीही मिळतात, हव्या त्या वेळी, हव्या त्या दिवशी. मला माझ्या आईचा आवाज ऐकायचा आहे, आणि तो कुठंच लागत नाही.